स्वॅब तिसऱ्या दिवशी का गेला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. ताप, खोकला, धाप म्हणून दाखल केलं, तिसऱ्या दिवशी स्वॅब गेला, चौथ्या दिवशी एच१एन१, म्हणजे आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो तो, निघाला. तरीही त्यांना स्वतंत्र खोलीत न हलवता वॉर्डातल्याच कडेच्या कॉटवर ठेवलं. आता ते घरी आहेत आणि बरे आहेत, हे वाचून बरं वाटलं. तुम्ही विचारता की २००९ मध्ये याच आजारासाठी पुण्यात शाळा बंद झाल्या, माणसांना नायडू या साथरोगांच्या रुग्णालयात वेगळं ठेवलं, मग आता एवढी बेफिकिरी कशी? आणि उद्या फ्लूची नवी महासाथ आली तर वडिलांसारख्या माणसाची सोय आजच्यापेक्षा बरी होईल की हाल होतील?

मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात २४ वर्षं नर्सिंग करते आहे. २००९ ला आयसीयूत स्टाफ होते, आता इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. औषध लिहिणं माझ्याकडे नाही. ते वेळेवर पोटात गेलं का, स्वॅब नीट निघाला का, एका पेशंटचा आजार शेजारच्या कॉटवर तर गेला नाही ना, हे बघणं माझ्याकडे. तेव्हा उत्तरही त्याच बाजूने देते.

तुमचा राग खोलीवर आहे. माझ्या मते तो स्वॅबवर असायला हवा. खोली मिळाली नाही म्हणून फारसं काही बिघडलं नाही, पण ते तीन दिवस गेले ते महागात पडू शकले असते.

खोलीचं आधी उरकते. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून जवळच्या माणसाला लागतो. दोन कॉटमध्ये निदान मीटरभर अंतर, मध्ये पडदा, पेशंटच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क आणि प्रत्येक कॉटनंतर हात धुणारा स्टाफ एवढं असलं की वॉर्डात काम भागतं. दोन-तीन फ्लूचे पेशंट एकाच कोपऱ्यात ठेवणं हीसुद्धा रीतच आहे. खोली असली तर उत्तमच, पण ती नसणं म्हणजे हेळसांड नव्हे. मी तुमच्या जागी असते तर एवढंच पाहिलं असतं की शेजारच्या कॉटवर कोण आहे. केमो चालू असलेला किंवा डायलिसिसचा पेशंट तिथे असेल तर मात्र मी स्वतः भांडून कॉट बदलून घेते.

आणि २००९ ला जे केलं ते वेगळ्या कारणासाठी होतं. तेव्हा विषाणू नवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला महासाथ जाहीर केली, आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तोवर सरकारचा प्रयत्न आजार अडवून धरण्याचा होता, म्हणून ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्याला, धडधाकट असला तरी, दाखल करत होते. ताप उतरलेली पोरंसोरं कॉटवर बसून कंटाळायची. पुढे १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू कुठे गेला नाही. तो दरवर्षीच्या फ्लूंपैकी एक होऊन बसला. लशीत तो आहे, बहुतेकांच्या अंगात त्याची थोडीफार ओळखही आहे. नाव तेच राहिलं म्हणून लोकांना वाटतं वागणूकही तीच हवी.

यातूनच आणखी एक घोटाळा होतो. ‘महासाथीत दाखल झालेल्यांपैकी इतके बरे झाले, आता मात्र जास्त दगावतात’ अशी तुलना लोक सर्रास करतात. पण ‘दाखल’ या शब्दाचा अर्थच साथीबरोबर बदलतो. साथीच्या सुरुवातीला हलके पेशंट दाखल, साथ भरात आली की खाटा नाहीत म्हणून फक्त धापेचे दाखल, आणि एरवीच्या वर्षी ज्याला कुणी फ्लू म्हणून ओळखतच नाही असा माणूस न्यूमोनिया म्हणून दाखल. एकाच रुग्णालयाच्या तीन वर्षांच्या रजिस्टरांत तीन वेगळीच माणसं असतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. इतक्या वर्षांत मी जे पाहिलं ते असं: साथीत फ्लूचा संशय लगेच येतो, पण हात कमी पडतात. साथ नसते तेव्हा हात असतात, संशयच येत नाही. वडील दुसऱ्या प्रकारात सापडले.

२००९ च्या ऑगस्टमध्ये कॅज्युअल्टीत शिंकणाऱ्या माणसाला कुणी विचारायच्या आतच तो म्हणायचा, ‘सिस्टर, स्वाइन फ्लू नाही ना?’ शहरभर रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या, मेडिकलमध्ये मास्कचे भाव चढलेले. स्वॅबसाठी नायडूच्या दारात रांगा. त्या भीतीचे तोटे होतेच, पण एक फायदा झाला. धाप लागलेला माणूस आला की डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव फ्लूचं यायचं आणि टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, रिपोर्टची वाट न बघता सुरू व्हायचं. पहिले काही दिवस औषध सरकारी केंद्रांतूनच मिळत होतं, त्याचा त्रास झाला. नंतरही ते कित्येक वर्षं खास परवान्याच्या दुकानांतच विकलं जाई, २०१७ मध्ये ती अट सैल झाली. तरीही त्या पावसाळ्यात आयसीयूत आलेल्या पेशंटचा पहिला डोस फारसा लांबला, असं मला आठवत नाही.

घाई एवढ्यासाठी की विषाणू पेशींमध्ये वाढून बाहेर पडतो तेव्हा हे औषध त्याला अडवतं. ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं. दाखल होण्याइतक्या आजारी माणसाला त्यानंतरही देतात, उपयोग होतो, पण दर दिवसागणिक तो कमी होत जातो. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ते कसं देतात हे फार थोड्यांना माहीत असतं. कॅप्सूल दोन बोटांत धरून हलकेच फिरवत उघडायची, पांढरी पूड वाटीतल्या पाण्यात घोळायची आणि नाकातल्या नळीतून सोडायची. मागून पुन्हा पाणी, नाहीतर अर्धं औषध नळीच्याच भिंतीला चिकटून राहतं. पूड कडूजहर असते. लहान मुलांना साखरेच्या पाकातून द्यायची, तरी काही मुलं ओकतात. मग पुन्हा डोस द्यायचा का हे डॉक्टरांना विचारायला फोन. एका डोसमागे पंधरा मिनिटं अशी जातात. हे लक्षात ठेवा, पुढे हातांचा हिशेब यायचा आहे.

आता साथ नसलेल्या वर्षाची गोष्ट, आणि यात चूक आमची होती. फेब्रुवारी महिना. पन्नाशीचे एक रिक्षावाले काका न्यूमोनिया म्हणून वॉर्डात आले. अँटिबायोटिक चालू, एक्स-रे झाला, थुंकी तपासायला गेली. फ्लूचं नाव कुणीच घेतलं नाही, मीही नाही. पाचव्या दिवशी आमच्या दोन स्टाफ सिस्टर एकाच पाळीतून तापाने घरी बसल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोघींनी त्याच काकांना नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन, लावला होता. काकांचा स्वॅब पाठवला, पॉझिटिव्ह. ते वाचले, पण मधले चार दिवस त्यांची ऑक्सिजनची गरज वाढत गेली होती. पेशंटचं निदान स्टाफच्या तापावरून व्हावं याची मला आजही लाज वाटते. तुमच्या वडिलांचं झालं ते याच जातीचं असावं. डॉक्टर निष्काळजी असतीलच असं नाही. ६८ वर्षांचा मधुमेही, छातीत कफ, एक्स-रेवर डाग म्हटलं की डोळ्यांसमोर आधी नेहमीचे जंतू येतात.

त्यात आपल्याकडे फ्लूला एकच ठरलेला हंगाम नाही. पुण्यात पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तो वाढतो, आणि पुष्कळदा जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढतो. २०१५ च्या सुरुवातीला तो किती वाढला होता ते आठवत असेल. पावसाळ्यातला फ्लू डेंग्यूच्या गर्दीत हरवतो. उलटही होतं बरं का. महासाथीत ज्याला त्याला फ्लूच दिसतो, मग डेंग्यू, टीबी, अगदी हार्ट अटॅकची धापसुद्धा स्वॅबच्या रांगेत उभी राहते. २००९ ला सात महिन्यांची गरोदर असलेली एक मुलगी आमच्याकडे पोहोचली तेव्हा तिच्या तापाचा चौथा दिवस होता. आधी दोन ठिकाणी दारातूनच ‘स्वॅब करून या’ म्हणून परत पाठवलेली. तिला फ्लूच होता. संशय सगळ्यांना आला होता, हात लावायला कुणी तयार नव्हतं. आणि त्या साथीत सगळ्यात जास्त धोका असलेल्यांत गरोदर बायका होत्या.

हातांचं जरा सविस्तर सांगते, कारण वर्तमानपत्रात फक्त खाटा आणि व्हेंटिलेटर मोजतात. व्हेंटिलेटर विकत आणता येतो. तो लावलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नळीतला कफ ओढावा लागतो, तोंड साफ करावं लागतं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब घालावे लागतात, लघवी मोजावी लागते. असा पेशंट असेल तर एका सिस्टरकडे तो एकटाच असावा. साथीत तिच्याकडे तीन असतात. शिवाय अंगभर संरक्षक किट घालून आत जायचं म्हणून ती चार कामं साठवून एकदम करते. एरवी दहा वेळा कॉटजवळ जाणारी बाई पाच वेळाच जाते. औषधं चुकत नाहीत, ती चार्टवर असतात. कूस बदलणं चुकतं, पाण्याचा घोट चुकतो, ‘काका, आज चेहरा उतरलाय तुमचा’ हे लक्षात येणं चुकतं. वर स्टाफही आजारी पडतो, कारण फ्लू आमच्या घरीही येतो आणि आमची पोरंही शाळेत जातात.

पालथं झोपवण्याचंच घ्या. फ्लूने फुफ्फुसं गच्च भरलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला रोज निदान १६ तास पालथं ठेवलं तर पाठीकडचा भाग उघडतो आणि ऑक्सिजन सुधारतं. अशा गंभीर पेशंटवर फ्रान्समध्ये झालेला मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. २००९ ला आम्ही हे क्वचितच करत होतो, कोविडनंतर सर्रास करतो. पण एका माणसाला पालथं करायला पाच-सहा जण लागतात. एक डोक्याशी उभा राहून फक्त श्वासनळी धरतो आणि आकडे मोजतो, दोघं इकडे, दोघं तिकडे, एक सलाइन-कॅथेटर सांभाळतो. रात्रपाळीला वॉर्डबॉय मामा, मावशी, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, सगळे धरून सहा हात जमत नाहीत, सहा माणसं कुठून जमणार? उपचार माहीत असणं आणि तो करता येणं यांच्यामधलं अंतर महासाथीत असं उघडं पडतं.

मग कोविडने काय बदललं? पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले, तेही नायडूतच होते. त्यानंतर वर्षभर फ्लू जगभरातून जवळजवळ गायबच झाला होता. तो परतला तेव्हा वेगळीच अडचण झाली. धापेचा पेशंट आला की कोविडचा स्वॅब, तो निगेटिव्ह आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकत, फ्लूची तपासणी लावायची राहूनच जाई. आता एका स्वॅबवर दोन्ही तपासता येतात, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. २००९ ला स्वॅब बुडवलेली गुलाबी द्रावणाची बाटली बर्फाच्या डब्यात घालून आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत जायची आणि आम्ही फोनकडे डोळे लावून बसायचो. एवढा फरक पडला आहे. वॉर्डातल्या कॉटपर्यंत ऑक्सिजनची लाइन आली, नाकातून जोराने ऑक्सिजन देणारे हाय फ्लोचे मशीन आले. पण हाय फ्लो मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा देतं, आणि पूर्ण ऑक्सिजनवर चालवलं तर ७००० लिटरचा मोठा सिलिंडर दोन तासही पुरत नाही. मशीन किती आहेत हे विचारताना ऑक्सिजनची टाकी केवढी आहे हेही विचारायला हवं, हे २०२१ च्या एप्रिलमधल्या ऑक्सिजनच्या टंचाईने शिकवलंच.

एक वाईट सवयही लागली. नातेवाईक फ्लूच्या पेशंटसाठी ‘स्टेरॉइड सुरू करा, रेमडेसिविर आणू का?’ असं विचारतात. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटला डेक्सामेथासोनने फायदा झाला, हे २०२० च्या जूनमध्ये सिद्ध झालं. फ्लूचा हिशेब वेगळा आहे. तिथे नुसत्या फ्लूच्या न्यूमोनियासाठी स्टेरॉइड देऊ नये असाच सल्ला आहे, कारण फायदा दिसलेला नाही आणि नुकसानीची शंका आहे. दमा किंवा बीपी कोसळणं अशा दुसऱ्या कारणासाठी डॉक्टर देतात, ते निराळं. रेमडेसिविरचा तर फ्लूवर काहीच उपयोग नाही. एका साथीत शिकलेलं दुसऱ्या साथीत जसंच्या तसं चालवलं की असं होतं.

आता पुढच्या महासाथीत वडिलांचं काय होईल? ते कशावर अवलंबून आहे तेवढं सांगू शकते. विषाणू कुणाला पाडतो यावर सगळं ठरतं. २००९ ला तरुण, गरोदर आणि फार लठ्ठ माणसं जास्त गंभीर झाली. म्हाताऱ्यांना तो तुलनेने कमी लागला, कारण त्यांनी लहानपणी त्याच्या जवळचे विषाणू पाहिले होते. १९१८ लाही विशी ते चाळिशीतली माणसं मोठ्या संख्येने गेली, आणि त्यातल्या बहुतेकांचा शेवट फ्लूमागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, आज आहे. दुसरं म्हणजे लाटेत तुम्ही कधी आजारी पडता. पहिल्या आठवड्यात रुग्णालय गोंधळलेलं असतं, भर लाटेत दमलेलं. लाट ओसरताना उपचार सगळ्यात चांगले मिळतात, कारण तोवर सगळ्यांचा हात बसलेला असतो. मोठं रुग्णालय की छोटं, यापेक्षा तिथे रात्री किती सिस्टर असतात यावर मी जास्त भरवसा ठेवीन.

आता तुमच्या हातातलं. पुढच्या वेळी घरात वयस्कर, मधुमेही, दम्याचं किंवा गरोदर माणूस ताप-खोकल्याने आजारी पडलं तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. दाखल करावं लागलं तर कॅज्युअल्टीतच शांतपणे दोन गोष्टी विचारा. फ्लूचा स्वॅब पाठवताय का, आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्लूचं औषध सुरू करता येईल का. भांडू नका, नुसतं विचारा. त्या प्रश्नाने संशय जागा होतो, आणि एरवीच्या वर्षी तोच तर कमी असतो. तिथल्या तिथे होणारी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती पुष्कळदा चुकते. प्रयोगशाळेतली पीसीआर तपासणी जास्त खात्रीची. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर घशातला स्वॅब निगेटिव्ह येऊनही नळीतल्या कफात विषाणू सापडतो, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी मागतात. ते बिल वाढवणं नसतं.

वडील घरी आलेत, तर आठवडाभर एवढं बघा: ताप उतरून दोन-तीन दिवस बरे गेले आणि पुन्हा थंडी वाजून ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला, बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाऊ लागलं किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर वाट न बघता परत न्या. ती फ्लूमागून येणाऱ्या जंतूंची वेळ असते. साखर या दिवसांत वरखाली होते, ती घरी तपासत राहा. त्यांना भूक नसेल तर पेज, ताक, मुगाच्या डाळीचं पाणी थोडं थोडं द्या. आजारानंतर महिनाभर अशक्तपणा राहिला तर घाबरू नका.

लशीचं विचारलं नाहीत, तरी सांगते. तो आजार एकदा झाला म्हणजे काम झालं असं नाही, फ्लूचे दुसरेही प्रकार असतात. पूर्ण बरे झाले की डॉक्टरांना विचारून यंदाच घ्या आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये. त्यांच्याबरोबर तुम्हीही घ्या, कारण पुष्कळदा म्हाताऱ्या माणसाला फ्लू घरातलंच कुणीतरी आणून देतं. आमच्याकडे दरवर्षी लस न घेतलेल्या स्टाफची यादी मी नोटीस बोर्डावर लावते. यादीत पहिलं नाव बहुतेक एखाद्या डॉक्टरांचंच असतं.